हात काढू नकोस

बदरआपा घाबरट होत्या, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. लिफ्टमध्ये एकट्या चढत नसत. एमिरेट्स रोडवर सकाळी धुकं असलं की रास अल खैमाहून निघायच्याच नाहीत. मला फोन करायच्या, "संध्या, पुढचा ट्रकसुद्धा दिसत नाही गं, मी घरूनच लॉगिन करते." मांजर आडवं गेलं, फायर अलार्मची टेस्ट झाली, एचआरचा मेल आला, सगळ्याला घाबरायच्या. आणि हीच बाई वीस-बावीस वर्षं लेबर रूममध्ये उभी होती, हे नवीन माणसाला सांगितलं तर खोटं वाटायचं.

पूर्ण नाव बदरुन्निसा. माहेर श्रीवर्धनच्या बाजूचं, समुद्राला लागून. नर्सिंग करून त्या तिकडच्याच एका सरकारी आरोग्य केंद्रात लागल्या होत्या. मग लग्न झालं. नवरा हारुनभाई रास अल खैमाच्या सिरॅमिक फॅक्टरीत, म्हणून त्याही इकडे आल्या आणि इथल्या हॉस्पिटलात बाळंतपणं करू लागल्या. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा उभं राहण्याची ड्यूटी सोडून आमच्याकडे ट्रेनर झाल्या.

आमची कंपनी छोटी. सिलिकॉन ओएसिस या ऑफिसांच्या वसाहतीत एका मजल्याचा अर्धा भाग. आफ्रिकेतल्या काही देशांत नुकत्याच पास झालेल्या मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या नर्सेस, यांना आम्ही व्हिडिओ कॉलवरून सराव देतो. लिंक पाठवणं, रेकॉर्डिंग लावणं, कोण आलं कोण नाही बघणं हे माझं काम. शिकवणं आपांचं.

शिकवताना त्या पोटाला एक रबरी पोट बांधायच्या. आत बाहुलीचं बाळ, नळीतून सुटणारं लाल पाणी. मग खुर्चीत रेलून स्वतःच बाळंतीण व्हायच्या आणि अस्सल कोकणी विव्हळायच्या, "अगे माय गे, मेले गे!" पलीकडे मलावीतल्या एखाद्या आरोग्य केंद्रात बसलेल्या पोरी खळखळून हसायच्या. त्यांच्याकडेही तसंच एक रबरी पोट असायचं. कुणी एकीने ते बांधायचं, दुसरीने बाळ काढायचं, आणि मग आपा नळी सोडायला सांगायच्या. लाल पाणी वाहायला लागलं की हसणं बंद.

"आता घाबरा," आपा म्हणायच्या. "घाबरलात तरच हात लवकर चालतील."

मी एकदा विचारलं होतं, या पोरींना कॉलेजात हे शिकवत नाहीत का? आपांना राग आला. "सगळं शिकवतात. माझ्यापेक्षा जास्त शिकल्यात त्या. पण तिकडे एका खोलीत एकच पोर असते गं. इथे मी हाक मारली की तीन डॉक्टर धावत यायचे. ती हाक मारते तेव्हा बाहेर कोण असतं? पेशंटची आई."

त्या पोरींमध्ये एक होती तिवोंगे. बारीक अंगाची, कपाळावर कायम घाम, बोलणं इतकं हळू की मी वारंवार लिहायचे, 'प्लीज अनम्यूट', आणि ती अनम्यूटच असायची. तळ्याकाठच्या एका गावातल्या आरोग्य केंद्रात तिचं पोस्टिंग होतं. ती आपांना 'अमायी' म्हणायची. त्यांच्याकडे मोठ्या बाईला आदराने असं म्हणतात. आपांना ते फार आवडायचं. "आपल्या माईसारखंच आहे की," म्हणायच्या.

त्या दिवशी सकाळचं सेशन होतं. बाकीच्या पोरी आल्या, तिवोंगे नव्हती. आपांनी पोट बांधलं, सराव सुरू झाला, संपतही आला. तेवढ्यात तिची विंडो उघडली. कॅमेरा छताकडे होता. एक पंखा, बंद. मग तिचा आवाज आला, आणि पहिल्यांदाच मला तो मोठ्याने ऐकू आला.

"अमायी, हे प्रॅक्टिस नाही."

फोन फिरला. पलंगावर एक बाई होती, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असेल. तिच्या अंगाखालचा रबरी कागद लाल झाला होता. तो लाल रंग आमच्या नळीतल्या पाण्यासारखा अजिबात नव्हता. गडद होता, आणि कागदाच्या कडेवरून खाली ठिबकत होता. बाळ बाजूला कापडात गुंडाळलेलं, रडत होतं. वार पडली होती. रक्त थांबत नव्हतं.

मी आपांकडे पाहिलं. त्या उभ्या राहिल्या होत्या, पोटाला रबरी पोट तसंच, आणि ओठ पांढरे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या कंपनीचा नियम फार स्पष्ट होता. खऱ्या पेशंटबद्दल काही सांगायचं नाही. कॉलवर खरा पेशंट दिसला तर कॉल तोडायचा. आमच्याकडे तिकडचं लायसन्स नाही, काही बरंवाईट झालं तर कंपनी जबाबदार, आणि सांगणाऱ्याचं इथलं लायसन्सही धोक्यात. लायसन्स गेलं की नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा. या देशात राहणाऱ्याला ही साखळी कुणी समजावून सांगावी लागत नाही. कॉल तोडायचं बटण माझ्या हाताखाली होतं.

आमची मॅनेजर एमान, जॉर्डनची, काचेपलीकडून आत आली. स्क्रीन पाहिली आणि तिचाही चेहरा उतरला. ती वाईट बाई नाही. पण म्हणाली, "संध्या, कट कर. यल्ला, प्लीज. आपल्याला हे करता येत नाही."

"तिकडे दुसरं कोण आहे?" आपांनी स्क्रीनला विचारलं.

"कुणी नाही," तिवोंगे म्हणाली. "सिस्टर सकाळी दुसऱ्या पेशंटला घेऊन अँब्युलन्समधून डिस्ट्रिक्ट हॉस्पिटलला गेल्या. फोन केलाय. परत निघाल्यात. पण रस्ता लांब आहे. अमायी, मला काही आठवत नाहीये. मला सगळं येतं आणि काही आठवत नाहीये."

आपांनी एमानकडे पाहिलं. "एमान, मला पण भीती वाटतेय. तू बाहेर जा, हबीबती. तू काही पाहिलं नाहीस."

एमान गेली नाही. काचेचा दरवाजा आतून लावून तिथेच उभी राहिली. मी बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला. हे काही शौर्य नव्हतं. खरं तर माझा हात उचलतच नव्हता.

बाकीच्या पोरी आपापल्या विंडोतून बघत होत्या. आपांनी त्यांना म्यूट करायला सांगितलं आणि तिवोंगेशी बोलायला लागल्या. मोठ्याने नाही. भाजी निवडताना शेजारणीशी बोलावं तितक्याच आवाजात.

"फोन कुणाकडे दे. बाईबरोबर कोण आलंय?"

"तिची बहीण."

"तिला धरू दे. आता पोटावर हात ठेव. बेंबीखाली. कसं लागतंय, कडक की मऊ?"

"मऊ. पिठासारखं."

"मग चोळ. जोरात. ती ओरडली तर ओरडू दे. इंजेक्शन दिलंस?"

"दिलं. पण काल दिवसभर लाइट नव्हती, फ्रिज बंद होता. ते चांगलं आहे की नाही, मला माहीत नाही."

आपांनी डोळे क्षणभर मिटले. रक्त थांबवणारं ते औषध उष्णतेने खराब होतं. टोचलं तरी आत औषध किती आणि पाणी किती, हे कुणाला सांगता येत नाही. "गोळ्या आहेत? जिभेखाली ठेवायच्या?"

"आहेत."

"दे. सलाइन चालू आहे? बरं. लघवीची पिशवी भरलेली असेल तर गर्भाशय आवळत नाही, हे तूच मला मागच्या आठवड्यात सांगितलंस. आठवतंय? नळी घाल."

तिवोंगे हलायला लागली. बहिणीच्या हातात फोन इतका थरथरत होता की कधी भिंत दिसायची, कधी बादली, कधी त्या बाळंतिणीचा चेहरा. तो चेहरा मला अजून दिसतो. ओठ राखाडी, डोळे उघडे. ती ओरडत नव्हती, हेच भयंकर होतं. मध्येच तिने काहीतरी विचारलं. मी नंतर तिवोंगेला विचारलं, काय म्हणाली होती? मुलगा की मुलगी, असं विचारत होती.

"थांबत नाहीये," तिवोंगे म्हणाली. "अमायी, थांबत नाहीये."

तेव्हा आपांनी स्वतःच्या पोटाचं रबरी पोट सोडलं आणि टेबलावर कॅमेऱ्यासमोर ठेवलं. उजव्या हाताची मूठ आत घातली. डावा हात वरून दाबला. "असं. दोन्ही हातांमध्ये गर्भाशय पकडायचं आणि दाबून धरायचं. आपण केलंय हे. ग्लोव्ह लांब असेल तो घाल. कर."

तिवोंगेने केलं. बाई किंचाळली. आपांच्या तोंडून "या अल्ला" निघालं. मग लगेच, "शाब्बास. आता हात काढू नकोस. काही झालं तरी हात काढू नकोस. तुझा हात हीच आता रक्त अडवणारी गाठ आहे. रक्त बघ. कमी झालं?"

तिवोंगेने वाकून खालच्या कागदाकडे पाहिलं. मग, "थोडं."

"थोडं पुरे. धरून ठेव."

आणि चित्र थांबलं.

तिवोंगेचा खांदा, बाईचा गुडघा आणि मागे हिरवट भिंत. सगळं जागच्या जागी गोठलेलं. आवाज बंद. मी लिंक परत पाठवली, फोन लावला, व्हॉट्सॅप कॉल लावला. तिकडचा टॉवर गेला होता की डेटा संपला होता, कळायला मार्ग नव्हता. बाकीच्या पोरींपैकी एकीने लिहिलं, तिच्या भागात लाइट गेली की नेटवर्कही जातं.

आपा त्या थांबलेल्या चित्राशी बोलतच राहिल्या. "धरून ठेव. हात भरून येईल, येऊ दे. काढू नकोस." त्यांची मूठ रबरी पोटात तशीच होती, डावा हात वर. हाताच्या शिरा फुगलेल्या. मी म्हटलं, "आपा, कॉल गेलाय." त्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांना माहीत होतं. पण हात काढला नाही. एमानने जाऊन त्यांच्यामागे खुर्ची सरकवली आणि खांद्याला धरून त्यांना बसवलं. बसल्यावरही हात तिथेच.

मी कधी देवाचं फार करणारी नाही. त्या दिवशी मी मनात जे येईल ते म्हणत होते. एवढंच डोक्यात होतं, की आपण इथे एसीत बसलोय, खाली लोक करक चहा पितायत, आणि त्या खोलीत एक पोरगी एकटी हात घालून उभी आहे. आणि कदाचित आता नाहीही.

बऱ्याच वेळाने आपा माझ्याशी बोलल्या. स्क्रीनवरून नजर न हलवता.

"आमच्या केंद्रातून एक बाई जीपमधून नेली होती मी. घाट होता. मीच मागे बसले होते, हात असाच धरून. वाटेत माझ्या लक्षात आलं की हाताखाली काही बदललंय. गरम असलेलं गार होत होतं. ड्रायव्हरला सांगितलं नाही. तो वेगात चालवत होता बिचारा, त्याला वाटत होतं आपण पोहोचणार. काय सांगू त्याला?"

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.

"त्यानंतर मला सगळ्याचीच भीती वाटते," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं लिफ्टची वाटते."

दुपारी आपांनी ऑफिसच्या छोट्या खोलीत नमाज पढली आणि परत येऊन स्क्रीनसमोर बसल्या. हारुनभाईंचा फोन आला तर म्हणाल्या, "मी ठीक आहे, नंतर बोलते," आणि ठेवून दिला. जेवणाचा डबा उघडलाच नाही. एमानने दोनदा चहा आणून ठेवला. नियमाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं तिच्या वरच्यांशी, आणि ती ते टाळत होती, हे मला दिसत होतं.

चारच्या सुमाराला माझ्या फोनवर एक व्हॉइस मेसेज आला. नाव तिवोंगेचं. मी आपांकडे फोन दिला. त्यांनी तो घेतला नाही. "तू लाव. आधी तू ऐक."

मी लावला. सुरुवातीला नुसता श्वास. मग तिवोंगेचा नेहमीचा बारीक आवाज. अँब्युलन्स आली होती. सिस्टर आल्या होत्या. तिवोंगे हात तसाच ठेवून पेशंटबरोबर अँब्युलन्समध्ये चढली, खड्ड्यांच्या रस्त्याने डिस्ट्रिक्ट हॉस्पिटलपर्यंत तशीच गेली. तिथे डॉक्टर होते. पेशंटच्या भावाचं रक्त जुळलं. बाई जिवंत आहे. "मला माझा हात जाणवत नाहीये, अमायी," ती म्हणाली, आणि मेसेज संपता संपता ती रडायला लागली.

आपांनी ओढणी तोंडावर घेतली. एमान भिंतीला टेकली. मी तो मेसेज पुन्हा लावला, कारण आमच्यापैकी कुणालाच अजून खरं वाटत नव्हतं.

पुढे जे व्हायचं ते झालंच. रेकॉर्डिंग चालू होतं, ते वर गेलं. मीटिंग झाली. मला आणि आपांना वेगवेगळं बोलावलं. आपांनी काही लपवलं नाही आणि काही सजवलंही नाही. एमान आमच्या बाजूने बोलली, तिने दरवाजा स्वतः लावला होता हेही सांगितलं. नोकऱ्या वाचल्या. पण आपांना लाइव्ह सेशनवरून काढून व्हिडिओ रेकॉर्ड करण्याच्या कामाला लावलं. आता त्या कॅमेऱ्यापुढे विव्हळतात, पण पलीकडून हसायला कुणी नसतं.

काही दिवसांनी तिवोंगेने आपांना त्यांच्या स्वतःच्या फोनवर कॉल केला. आपांनी मला शेजारी बसवलं. तिवोंगेला एकच विचारायचं होतं. गल्फमध्ये नर्सची नोकरी कशी मिळते?



"मला त्या खोलीत परत जायचं नाहीये," तिवोंगे म्हणाली. "रोज सकाळी दारापाशी आल्यावर मागे फिरावंसं वाटतं. माझ्याबरोबर पास झालेल्या कितीतरी जणी बाहेर गेल्या. अमायी, तुम्ही तुमच्या गावातून का गेलात?"

"भीतीने," आपा म्हणाल्या. "लोकांना सांगितलं की लग्न झालं, नवरा इकडे आहे. तेही खरंच होतं."

"मग तिकडे गेल्यावर भीती गेली?"

"नाही गं. इथे फ्रिजमध्ये रक्त होतं, शेजारच्या खोलीत डॉक्टर होते, तरी प्रत्येक वेळी घाबरले. पण इथे चार जणी मिळून घाबरायचो. तू एकटी घाबरतेस. ते फार जड असतं."

मग त्यांनी तिला सगळं नीट सांगितलं. लायसन्सची परीक्षा, कागदपत्रांची तपासणी, त्याआधी लागणारा दोन वर्षांचा अनुभव. जाऊ नको म्हणाल्या नाहीत. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आपा, ती आली तर तिकडे कोण राहील?"

"मी कोणत्या तोंडाने तिला थांब सांगू?" त्या चिडून म्हणाल्या. "मी थांबले होते का?"

पण त्या दिवसापासून त्यांनी एक केलं. तिवोंगे ड्यूटीवर एकटी असली की ती आपांना मेसेज करते, आणि आपा तिच्याशी कॉल जोडून तो चालूच ठेवतात. कंपनीच्या लिंकवर नाही, कामाच्या वेळेत नाही. काही सांगायलाच असं नाही. नुसतं कुणीतरी असावं म्हणून.

गेल्या महिन्यात आम्ही दोन्ही घरं मिळून खोर फक्कानला गेलो होतो. हारुनभाईंनी किनाऱ्यावर मासे भाजायला घेतले होते. माझा नवरा श्रीनाथ विस्तवाला वारा घालत होता. आपांचा मुलगा रुहान हेडफोन लावून बसला होता. तेवढ्यात आपांचा फोन वाजला आणि त्या वाळूतून दूर जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे गेले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"तिसरं बाळंतपण आहे त्या बाईचं," मला कुजबुजत म्हणाल्या. "तिवोंगे एकटी आहे. मला काही नीट वाटत नाहीये."

"काही झालंय का?"

"नाही. अजून काही नाही."

आम्ही दोघी उभ्या राहिलो. आपांनी माझं मनगट धरलं होतं, दुखेल इतकं. पलीकडून तिवोंगेचा आवाज, बाईचं कण्हणं, भांड्याचा आवाज. बंदरावर क्रेन कंटेनर उचलत होती, त्याचा कर्कश भोंगा मध्येच वाजायचा आणि आपा दरवेळी दचकायच्या. मग बाळ रडलं. आपांनी श्वास सोडला नाही. वार पडेपर्यंत सोडला नाही. मग त्यांनी विचारलं, "पोट कसं लागतंय?"

"कडक," तिवोंगे म्हणाली. "दगडासारखं कडक, अमायी. रक्त थोडंच आहे."

"तपासत राहा. लगेच निघून जाऊ नकोस."

"नाही जाणार."

रुहान लांबून ओरडला, "मम्मी, द फिश इज गेटिंग बर्न्ट!" हारुनभाई हाका मारत होते. आपांनी हातानेच थांबा म्हटलं. पलीकडे तिवोंगे त्या बाईशी तिच्या भाषेत काहीतरी बोलत होती, आणि आता तिचा आवाज इतका बारीक झाला होता की आम्हाला जवळजवळ ऐकूच येत नव्हता.

तिवोंगेचा अनुभव पुढच्या वर्षी पुरा होईल. मग ती अर्ज करेल, बहुतेक. आपांनी तिला परीक्षेची पुस्तकं पाठवली आहेत. आणि त्या खोलीत तिच्या जागी कोण येईल, कुणी येईल की नाही, याची भीती आपांना आतापासूनच वाटते. परवाच मला म्हणाल्या, "नवी पोरगी आली तर तिचा नंबर घेऊन ठेव म्हणून सांगितलंय मी तिवोंगेला."